माझी इम्युनिटी वाढवू नका

आजाराचं कळलं की लोक धीर देतात आणि निघताना एक सल्ला हमखास देतात, "इम्युनिटी वाढवा हो." मी मान डोलावते. माझी इम्युनिटी आहे त्याच दिशेने आणखी वाढली तर हातात पेन धरता येणार नाही, हे कुणाकुणाला सांगत बसू?

माझ्या आजाराचं नाव सीआयडीपी. शरीराची राखण करणारी यंत्रणाच हातापायांच्या नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, उलटते आणि त्यांच्यावरचं मायलिनचं आवरण खरवडून काढते. आधी तळपायांना मुंग्या आल्या, मग खुर्चीतून उठताना हात टेकावे लागले, मग कुलपात किल्ली फिरेना. न्यूरॉलॉजिस्टनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय ढिम्म. नसांचा वेग मोजणारी एनसीव्ही झाली. पाठीतलं पाणी काढलं तर त्यात प्रोटीन वाढलेलं, पेशी मात्र जवळजवळ नाहीत.

जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे, हा याचा तापट भाऊ. तो चार आठवड्यांच्या आत टोकाला पोचतो; सीआयडीपीत आठ आठवडे उलटले तरी कमजोरी वाढतच राहते. हा फरक महत्त्वाचा, कारण स्टेरॉइडचा उपयोग सीआयडीपीत होतो, जीबीएसमध्ये होत नाही. (जीबीएसला ज्यावरून नाव पडलं तो १९१६ चा लेख तिघांनी लिहिला होता. गियाँ आणि बारे नावात राहिले, स्ट्रोल गळाले. आयुष्य जमाखर्च लिहिण्यात गेल्यामुळे असल्या गळत्या माझ्या डोक्यात बसतात.) मला स्टेरॉइडने साखर चढली, म्हणून आयव्हीआयजीवर आणलं. हजारो लोकांनी दिलेल्या प्लाझ्मातून वेगळ्या काढलेल्या अँटिबॉडी, शिरेतून, अगदी हळू. घाई केली की डोकं असं ठणकतं की दिवे नकोसे होतात.

डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीत एक शाळकरी मुलगा असतो. त्यालाही हेच औषध, हाच पंप. पण त्याच्या स्टँडला बाटल्या कमी, माझ्या पुष्कळ. नुसतं वजनाच्या फरकाने एवढं अंतर पडत नाही, म्हणून मी त्याच्या आईला विचारलं.

"मावशी, त्याच्यात अँटिबॉडी बनतच नाहीत," ती म्हणाली. बीटीके नावाच्या जनुकातला दोष, एक्स गुणसूत्रावरचा, म्हणून आजार जवळपास मुलग्यांनाच. जन्मतः आईकडून मिळालेल्या अँटिबॉडी काही महिने पुरतात, मग कान फुटणं, न्यूमोनिया, पुन्हा न्यूमोनिया. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रूटन या डॉक्टरांनी आठ वर्षांच्या अशाच एका मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे ज्या प्रथिनांत अँटिबॉडी असतात ती, नसल्याचं ओळखलं आणि ते बाहेरून टोचायला सुरुवात केली. आज चालतं ते तेच, फक्त औषध जास्त शुद्ध. बाहेरून आलेल्या या अँटिबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्म्या होतात, म्हणून त्याची पाळी तीन-चार आठवड्यांनी. किलोमागे अर्धा ग्रॅमच्या आसपास डोस, म्हणजे जेवढी तूट तेवढीच भर.

माझ्या खात्यात तूट नाहीच. मला किलोमागे एक ग्रॅम, आणि सुरुवातीला दोन. इतका डोस भरपाईसाठी नसतो. रक्तवाहिन्यांच्या पेशींत एक रिसेप्टर, म्हणजे पकडून ठेवणारं प्रथिन, अँटिबॉडींना मोडीत जाण्यापासून वाचवतो. त्याच्यावर परक्या अँटिबॉडींचा लोंढा सोडला की त्याचे हात भरून जातात आणि माझ्या स्वतःच्या, खोड्या काढणाऱ्या अँटिबॉडी लवकर मोडीत निघतात. एवढ्यावरच सगळा उलगडा होत नाही, इतरही वाटा आहेत. सीआयडीपीच्या बहुतेक रुग्णांत दोषी अँटिबॉडी नेमकी कुठली तेच सापडत नाही. या वापराची वाट १९८१ मध्ये पॉल इम्बाख यांनी उघडली. स्वतःच्याच अँटिबॉडी प्लेटलेट मारत होत्या अशा मुलांना त्यांनी हे औषध दिलं आणि प्लेटलेट वर आल्या.

मग मी मनात दोन रकाने पाडले, त्याची कमी, माझी जास्त. डॉक्टरांनी तेही मोडले. सीव्हीआयडी नावाच्या आजारात अँटिबॉडी कमी पडतात, आणि त्यातल्याच काहींच्या अँटिबॉडी स्वतःच्या प्लेटलेटवर तुटून पडतात. कमी आणि चुकार, दोन्ही एकाच अंगात. अशा माणसाची इम्युनिटी वाढवायची की कमी करायची, सांगा बरं?

त्या मुलाच्या आईला तर सल्ल्यांचीही पंचाईत. घरातल्या धाकटीला पोलिओचे तोंडी थेंब द्यायचे नाहीत, लस इंजेक्शननेच. थेंबांतला विषाणू अशक्त असला तरी जिवंत असतो. तो या मुलापर्यंत पोचला तर अँटिबॉडीअभावी मज्जारज्जूपर्यंत जाऊ शकतो. हे नातेवाइकांना पटवताना तिच्या नाकी नऊ येतात.

माझ्याबाबतीत आता रिटुक्सिमॅबचा विषय निघालाय, कारण आयव्हीआयजीचा पुढचा डोस येईपर्यंत बोटं पुन्हा ढिली पडतात. हे औषध बी पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्या, काढून टाकतं. काहींच्या अँटिबॉडी त्यानंतर इतक्या खाली जातात की त्यांना भरपाईचा डोस लागतो, म्हणजे मी त्या मुलाच्या रकान्यात. मला भीती वाटते, पण किल्ली फिरवता न येण्याचीही वाटते. सुरू करण्याआधी हेपेटायटिस बी तपासतात, कारण दबून बसलेला विषाणू या औषधाने उसळू शकतो. माझी हेपेटायटिस बीविरुद्धची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. घरात सगळ्यांचे चेहरे पडले. डॉक्टर म्हणाले, थांबा, या अँटिबॉडी आयव्हीआयजीच्या बाटलीतल्या, दात्यांच्या असू शकतात. आयव्हीआयजी सुरू होण्याआधीचा रिपोर्ट शोधा, आणि विषाणूची डीएनए चाचणी करून घ्या. जुना रिपोर्ट माझ्या फायलीत सापडला, निगेटिव्ह. डीएनएसाठी उद्या रक्त द्यायचंय. तुमच्यापैकी कुणाचं आयव्हीआयजी सुरू होणार असेल तर आधीच रक्त तपासून तो कागद जपून ठेवा.