पार्किंगमधली न्यायसूत्रे

ठाण्यात सप्टेंबर हा जसा सणांचा, तसाच सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचाही महिना असतो. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, ही सभा घेणे सहकार कायद्याने बंधनकारक असल्यामुळे नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, कोरम पूर्ण झाला नाही म्हणून सभा रीतसर तहकूब होते, अर्ध्या तासाने तीच माणसे त्याच खुर्च्यांवर पुन्हा बसतात आणि मागील सभेचे इतिवृत्त कायम होण्याच्या आत कोणीतरी कोणाच्या तरी भाडेकरूंवर घसरलेले असते. तर्कशास्त्रात थोडेफार डोके घातलेल्या माणसाला या सभांचा कंटाळा येत नाही. निदान मला तरी येत नाही.

वादातले दोष ओळखण्याविषयी हल्ली जे वाचायला मिळते, त्यात बहुधा पाश्चात्त्य नावांची यादी असते. तिचे मूळ अ‍ॅरिस्टॉटलपर्यंत जाते. त्याने फसव्या युक्तिवादांचे 13 प्रकार सांगितले, सहा भाषेतून उद्भवणारे आणि सात भाषेबाहेरचे. यादी उत्तमच आहे. पण आमच्या नौपाड्यातल्या सभेत मला गौतमाची न्यायसूत्रे, म्हणजे तर्क आणि वादावरचा प्राचीन संस्कृत ग्रंथ, अधिक उपयोगी पडतात, कारण खोटा हेतू, म्हणजे म्हणणे सिद्ध करायला दिलेले फसवे कारण, कसा ओळखावा एवढे सांगून ती थांबत नाहीत. वाद घालणारा माणूस नेमका कुठे आणि कसा घसरतो, याचीही त्यांत नोंद आहे. खोट्या हेतूंचे, म्हणजे हेत्वाभासांचे, प्रकार पाच, छलाचे, म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दांचा भलताच अर्थ धरण्याचे, तीन, आणि ज्या जागी वादी हरला असे समजावे, त्या निग्रहस्थानांची संख्या मात्र 22. गौतमाला माणसांची पारख किती होती, हे मला या आकड्यांतच दिसते.

हेत्वाभासांपैकी साध्यसम हा प्रकार कमिटीच्या टेबलामागे हमखास सापडतो. जे सिद्ध करायचे आहे, त्याच्याइतकाच जो हेतू स्वतःही सिद्ध व्हायचा असतो, तो साध्यसम. रंगकामाचे कंत्राट याच माणसाला का दिले, असे विचारल्यावर ‘कमिटीने सगळा विचार करूनच दिलंय’ असे उत्तर मिळते. पण विचार केला होता की नाही, हाच तर प्रश्न असतो.

याहून खोलवर रुजलेला दोष म्हणजे एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींना कार्यकारण समजणे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असे आपण सहज म्हणतो. पण म्हणणारा माणूस विजेचे बिल हातात आल्यावर ते विसरतो. आमच्याकडे नवी लिफ्ट बसली आणि पुढच्या काही महिन्यांत सामाईक मीटरचे बिल चढत गेले. लिफ्टच वीज खाते, जुनी काय वाईट होती, असा सूर लागला आणि लिफ्टला आग्रह धरणाऱ्या ज्येष्ठांकडे मंडळी जरा वाकड्या नजरेने पाहू लागली. त्याच मीटरवर जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंपही आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. शेवटी खजिनदार वहिनी एका रात्री गच्चीवर गेल्या, तेव्हा टाकी भरून वाहत होती आणि पंप चालूच होता. टाकीतला फ्लोट अडकल्यामुळे पंप बंदच होत नव्हता. फ्लोट बदलला, बिल खाली आले. तरीही पुढच्या सभेत ‘लिफ्ट आल्यापासून खर्च वाढलाच आहे’ हे वाक्य पुन्हा ऐकू आले, आणि त्याला काय म्हणावे हे गौतमाने सांगून ठेवले आहे: पुनरुक्त.

निग्रहस्थानांत मला सर्वांत घरगुती वाटते ते मतानुज्ञा. सेक्रेटरींनी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना अदबीने सांगितले, ‘काका, तुमच्या चपलांच्या रॅकमुळे जिन्यातली वाट अडते, तेवढी आत घ्या.’ काका म्हणाले, ‘साहेब, आधी तुमच्या दारापुढच्या कुंड्या हलवा, मग मला शिकवा.’ खुर्च्यांतून खसखस पिकली आणि काका जिंकले असे सर्वांनाच वाटले. परंतु आपल्यावरचा आक्षेप न खोडता ‘तोच दोष तुमच्याकडेही आहे’ असे म्हणणारा माणूस आपल्या बाजूचा दोष आपणच कबूल करून बसतो, आणि न्यायसूत्रांच्या मते तो तेथेच हरतो. कुंड्यांनी वाट अडत असेल, तर रॅकनेही अडणारच. नियम सर्वांना सारखा हवा, हे काकांचे म्हणणे रास्त होते, यात शंका नाही. पण तो वेगळा विषय होता आणि तो स्वतंत्रपणे मांडला असता, तर रॅक आणि कुंड्या दोन्ही हलल्या असत्या. आज दोन्ही जागच्या जागी आहेत.

बाकीची स्थाने भराभर ओळखू येतात. पाणीगळतीच्या चर्चेत एकदम गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब निघाला, की ते अर्थांतर. ‘भाडेकरू पाणी जास्त वापरतात’ हे म्हणणे टिकत नाही असे दिसताच ‘सगळे नव्हेत, बॅचलर असतील ते’ अशी पुस्ती जोडली गेली, की प्रतिज्ञांतर; तिथेच दुसरे कारण पुढे आले, की हेत्वंतर. आणि प्रश्न अंगाशी येताच काहीतरी कामाचे निमित्त काढून चर्चा तोडणे, याला विक्षेप म्हणतात. पूर्वी यासाठी गॅसवरचे दूध पुरे होई; आता खिशातला फोन न वाजताही कानाला लागतो.

छलाची गोष्ट जरा निराळी, कारण त्यात बुद्धीची चमक असते. न्यायसूत्रांवरच्या न्यायभाष्यात वात्स्यायनाने दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे: नवीन घोंगडे पांघरलेल्या माणसाला कोणी ‘नवकंबल’ म्हटले, तर छल करणारा ‘नव’चा ‘नऊ’ हा दुसरा अर्थ धरून विचारतो, याच्याकडे नऊ घोंगडी आहेत कुठे? आमच्या फलकावर ‘पार्किंगमध्ये क्रिकेट खेळू नये’ अशी सूचना लागली, त्या संध्याकाळी बॅट घेतलेल्या मुलांनी वॉचमनला शांतपणे समजावले, ‘काका, आम्ही खेळत नाही, प्रॅक्टिस करतोय.’ तर्काच्या दृष्टीने हे निषेधार्ह आहे, हे मान्य करून मी त्यांना पूर्ण गुण देतो.

एवढे दोष पाहिल्यावर कोणी म्हणेल, की मग या सभांमधून सत्य काय कपाळ निघणार? गौतमाने चर्चेचेही प्रकार पाडले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता केवळ समोरच्याचे खोडत जाणे ती वितंडा. पण त्याने शेवटच्या दोघींना हाकलून दिले नाही. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसा त्यांचा सत्याच्या रक्षणासाठी उपयोग होतो, असे त्याने म्हटले आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कधीच कोणताही प्रस्ताव मांडत नाहीत, फक्त प्रत्येक कोटेशनमध्ये खोट काढतात. त्यांच्या भीतीने कमिटी तीन कोटेशने मागवते, हे मात्र खरे.

निग्रहस्थानांच्या यादीच्या शेवटाकडे दोन नावे अशी आहेत, की ती दोषांची नावे पाठ करणाऱ्याने आधी वाचावीत. समोरचा चुकला असताना त्याची चूक दाखवायचे राहून जाणे, हे पर्यनुयोज्योपेक्षण. आणि चूक नसताना ती दाखवणे, हे निरनुयोज्यानुयोग. चूक काढण्याच्या उत्साहात होणारा पराभवही गौतमाने हिशेबात धरला होता.

यंदाच्या सभेत इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा वडिलांच्या वतीने बोलायला उभा राहिला. आमची इमारत तीस वर्षांहून जुनी असल्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे लागले होते, आणि अहवालात खांबांची दुरुस्ती तातडीने करावी असे म्हटले होते. ‘इंजिनिअर म्हणतो म्हणून खरं मानायचं, हा तर्कदोष आहे,’ असे त्याने ठणकावून सांगितले. एखाद्या नटाने सांगितले म्हणून सिमेंट घेणे, हा दोष खराच. पण ज्याचा तो विषय आहे, ज्याने हॅमर टेस्ट करून खांबाखांबाची नोंद ठेवली आहे आणि ज्याची नोंद दुसऱ्या इंजिनिअरकडून पडताळून घेता येते, त्याचा शब्द नैयायिकांच्या, म्हणजे न्यायसूत्रे मानणाऱ्यांच्या, चार प्रमाणांपैकी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांपैकी, एक आहे. आप्ताचा, म्हणजे भरवशाच्या जाणकाराचा, उपदेश तो शब्द, असे सूत्रच आहे. शिवाय तो मुलगा ज्या खांबाला टेकून बोलत होता, त्याचे प्लॅस्टर सुटून आतली गंजलेली सळई उघडी पडली होती.

सेक्रेटरींनी त्याला खोडले नाही. दुसऱ्या इंजिनिअरचे मत घ्यावे, विषय विशेष सभेत यावा, असे ठरले, आणि तोवर खांबांचे फोटो काढून अहवालातल्या नोंदींशी ताडून पाहण्याचे काम त्यांनी त्या मुलाकडेच दिले.