सासवड–मोरगाव–सुपे: माळरानाची एक दिवसाची फेरी

चिंकारा, माळावरचे पक्षी आणि धनगरांचे वाडे पाहायची ही फेरी. पुण्याहून पहाटे साडेपाचला निघालं की आठच्या आत सुपे गाठता येतं. वाट हडपसर–दिवे घाट–सासवड–जेजुरी–मोरगाव अशी. दिवे घाटात पालखी मार्गाच्या रुंदीकरणामुळे वाहतूक अडकू शकते. निघण्याआधी चौकशी करा, नाहीतर कोंढव्याकडून बोपदेव घाटाने सासवडला उतरा. सोमवती अमावस्येला जेजुरी आणि चतुर्थीला मोरगाव टाळलेलं बरं.

सासवडपासून माळरान कसं बदलतंय ते दिसू लागतं. अंजीर-सीताफळाच्या बागा, त्यांना खेटून मुरूम टाकलेले प्लॉट, चारी बाजूंनी काटेरी तार आणि 'एनए' (म्हणजे बिगरशेती) असं लिहिलेला फलक. वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव ही विमानतळासाठी प्रस्तावित सात गावं इथलीच. जमिनीचा भाव वाढला की जिरायत रान आधी विकलं जातं, कारण त्यावर पोट भरत नाही. पण ज्या रानावर मालकाचं पोट भरत नाही, त्याच रानाच्या धसकटांवर धनगराचा कळप जगतो.

कळप रात्री शेतात बसवतात, लेंडीखत शेतकऱ्याला मिळतं आणि मोबदल्यात धनगराला धान्य किंवा रोख. वाड्याभोवती, म्हणजे धनगरांच्या उघड्यावरच्या मुक्कामाभोवती, वाघर म्हणजे जाळी लावलेली असते, लहान कोकरं डालग्याखाली (विणलेल्या टोपलीखाली). प्लॉटिंगने शेतं तुटली की कळप उरलेल्या गायरानावर आणि वनजमिनीच्या कडेला लोटले जातात. या माळावर राहणारा लांडगाही तिथेच लोटला जातो. शिवाय पोल्ट्रीची मेलेली कोंबडी उघड्यावर टाकली की त्यावर भटकी कुत्री पोसली जातात. त्यांच्यापासून लांडग्यांना रोग लागतात, संकरही होतो. आमच्या मते इथला खरा धोका कुत्र्यांचा आहे, बंदुकीचा नाही.

मयूरेश्वर अभयारण्य सुप्याजवळ, १९९७ साली जाहीर झालेलं, क्षेत्र जेमतेम ५.१४ चौ. किमी. चिंकारा पहिल्या दोन तासांत दिसतात. उन्हं चढली की बाभळीखाली बसतात आणि मातीच्या रंगात हरवतात. गाडी रस्त्यावरच ठेवा. धाविक या माळावरच्या पक्ष्याची अंडी उघड्या जमिनीवर असतात, टायरखाली गेलेली कळतही नाहीत. भोवत्या (एक शिकारी पक्षी) आणि चंडोल पाहायचे तर डिसेंबर-जानेवारी. धनगरांचे वाडे पाहायचे तर सप्टेंबर-ऑक्टोबर, दिवाळीनंतर बरेचसे घाट उतरून कोकणात जातात. वाड्यापाशी जाताना लांबूनच "पाव्हणं, येऊ का?" अशी हाळी द्या, कुत्री सोडलेली असतात.

पुढे शिर्सुफळ आणि कडबनवाडीला वनविभागाची गवताळ सफारी आहे. आगाऊ ऑनलाइन नोंदणी, ठरलेला मार्ग, बरोबर गावातला वाटाड्या. पैसे गावात राहतात, म्हणून हीच करा. लांडग्याची पिल्लं हिवाळ्यात असतात. बिळाशी थांबू नका, फोटोवर ठिकाण टाकू नका.

काही ठिकाणी माळावर ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल सलग समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले) खणून गिरिपुष्पाची झाडं लावलेली दिसतील. हेतू चांगला, जागा चुकीची. सावलीत पवन्या-मारवेल हे गवत मरतं, मेंढीचा चारा जातो, आणि उघड्यावर राहणारे पक्षी निघून जातात.

लांडग्याने मेंढी मारली तर भरपाईचं काय, हे प्रत्येक वाड्यावर विचारतात. २०२२ च्या शासननिर्णयात मेंढी-शेळीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यांपैकी कमी ती रक्कम आहे. ४८ तासांत वनविभागाला कळवायचं (१९२६ वर फोनही चालतो) आणि पंचनाम्याआधी शव हलवायचं नाही. अडचण अशी की लांडगा बहुधा मेंढी उचलूनच नेतो, मग शव कुठून दाखवणार? आणि पंचनाम्याला माणूस येईपर्यंत वाडा पुढच्या गावाला निघालेला असतो. रक्त, लोकर, पायाचे ठसे यांचे शेजारी काठी किंवा चप्पल ठेवून मोबाइलवर फोटो काढावेत, शेतमालकाला साक्षीला घ्यावं. कुत्र्याने मारलेल्या मेंढीला भरपाई नाही.

इथे प्लॉट घेतलाच असेल तर काटेरी तारेची खालची ओळ काढून गुळगुळीत तार हातभर उंचीवर लावा. चिंकारा तारेवरून उडी मारण्यापेक्षा खालून निघायला बघतो.

परतीला सुप्यावरून चौफुला गाठून सोलापूर रस्ता धरा. रविवारी चारनंतर निघालात तर हडपसरला तासभर अडकायची तयारी ठेवा. पाणी माणशी तीन लिटर, कारण मोरगाव सोडल्यावर माळावर सावलीची टपरीही मिळत नाही.