कोरगुट एकदाच लिहा म्हणे!

गोव्यातल्या देशी भातांमधला जनुकीय फरक तपासणं हा माझा एमएस्सीचा प्रकल्प. पान वाटणं, डीएनए सुटा करायला सीटॅब बफर या द्रावणात ६५ अंशांवर ठेवणं, क्लोरोफॉर्म, पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं), जेल (त्या प्रती लांबीनुसार वेगळ्या करणं)... लॅबमधलं सगळं रीतसर झालं. अडलं एका फॉर्मवर.

बीजसंग्रहात नोंद झाल्याशिवाय नमुन्याला क्रमांक नाही, आणि क्रमांकाशिवाय प्रायमरच्या (पीसीआरला लागणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) खरेदीवर सही नाही. फॉर्मात वाणाच्या नावाला एकच रकाना. कोरगुट म्हणजे खारेपणा सोसणारा आमचा देशी भात. मी चोडणच्या खाजनातला (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला) कोरगुट दिला आणि शिरोड्याचाही. दुसरा परत आला: ‘डुप्लिकेट’. अहो, एकाला बोटभर कुसळं, दुसरा जवळपास बोडका! तसं नावापुढे लिहिलं, तर ‘नावात वर्णन चालत नाही’. गाव लिहिलं, तर ‘यादीत असं वाण नाही’. यादीत नाही तेच शोधायला निघालो होतो ना! २०१८ साली ३,०१० भातांच्या जीनोमांत, म्हणजे संपूर्ण डीएनएत, सुमारे २ कोटी ९० लाख फरक सापडल्याचं जाहीर झालं. इथे दोन कोरगुट मावेनात. त्यात साहेब रजेवर, मग ट्रेनिंगला, मग चर्चचं फेस्त, मग नाताळ.

सुटका केली तिथल्याच एका क्लार्कबाईंनी. ‘नाव दोन्हीकडे कोरगुटच ठेव रे, संकलन क्रमांक वेगळा दे. गाव पत्त्यात, कुसळं शेऱ्यात.’ फॉर्म लगेच पास! हे आधी सांगायला कोणाचं काय जात होतं?

तुम्हीही असे नमुने गोळा करणार असाल, तर लोंब्या शेतातच वेगवेगळ्या पाकिटांत भरा. मळणीनंतर सगळं मिसळतं. भात मुख्यतः स्वपरागी, त्यामुळे एका लोंबीची रोपं बहुधा सारखीच निघतात. सरद (पावसाळी) पिकाची कापणी लागायच्या आधी पोचा. आणि हो, दहा रोपांची पानं एकत्र वाटू नका, आतला फरक झाकला जातो. रोपागणिक डीएनए काढा.

काही प्रायमरना दोन्ही कोरगुटांच्या डीएनएच्या पट्ट्या जेलवर वेगळ्या उंचीवर आल्या, म्हणजे दोघे एक नव्हेत. तो फोटो त्या ‘डुप्लिकेट’ शेऱ्यावर चिकटवावासा वाटला, खरं सांगतो. केरळच्या पोक्कळी भातात खारेपणा सोसायला मदत करणारा सॉल्टॉल हा डीएनएचा भाग पहिल्या गुणसूत्रावर आहे. कोरगुटात तोच आहे की दुसरं काही, ते आता बघायचंय. त्यासाठी नवे नमुने, म्हणजे पुन्हा तोच फॉर्म. आवक शिक्क्याची प्रत मात्र मागूनच घ्या. ‘तुमचा कागद आलाच नाही’ हे तिथलं ठरलेलं उत्तर.