चादरीच्या वेबसाइटला दुकानाचा आवाज

सोलापुरी चादर, टॉवेल विकणाऱ्या वेबसाइटवर मालकाचाच आवाज हवा. भाड्याचा गुळगुळीत आवाज घेऊ नका, आपली बोली ऐकून गिऱ्हाईक थांबतं.

रेकॉर्डिंग यंत्रमागाच्या शेडजवळ नकोच. पंख्याची एकसुरी घरघर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या नॉइज रिडक्शनने, म्हणजे गोंगाट कमी करण्याच्या सोयीने, बरीच जाते. मागाचा ठोका शब्दांत मिसळला की निघत नाही. बोलण्याआधी दोन-तीन सेकंद गप्प राहा, तोच तुकडा सॉफ्टवेअरला नमुना म्हणून लागतो. जागा? गोडाऊन. चादरींच्या थप्प्यांमध्ये उभं राहिलं की आवाज घुमत नाही, यापेक्षा चांगला स्टुडिओ कुठला! मोबाइल तोंडापासून वीतभर आणि जरा तिरका धरा. थेट समोर असला तर ‘फुलांची’, ‘भारी’ म्हणताना हवेचा फटका माइकवर बसतो आणि भप्प असं ऐकू येतं.

चाळीस सेकंद पुरेत. मोनो (एकाच चॅनेलची) एमपी३ फाइल, ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) म्हणजे साधारण ३२० केबी. भाव बोलू नका, बदलला की सगळं पुन्हा. काही फोन एएमआर फाइल बनवतात, ती ब्राउझरमध्ये सहसा वाजत नाही. एमपी३ करून घ्या.

पान उघडताच आवाज सुरू करू नका. क्रोम तर २०१८ पासून तो बहुतेक वेळा अडवतोच. पानाच्या कोडमधल्या ऑडिओ टॅगला कंट्रोल्स (वाजवा-थांबवाची बटणं) द्या, प्रीलोड (फाइल आधीच उतरवून घेणं) ‘नन’ ठेवा. बटण दाबेपर्यंत गिऱ्हाइकाचा डेटा जात नाही. खाली तेच बोलणं लिहूनही द्या, ऐकू न येणाऱ्यांना ते लागतंच.