बाइंडिंग बाजूला कुठून सुटतं?

म्युनिकच्या भाच्यानं फोनवर विचारलं, "मावशी, टूरिंगला सगळ्यात सेफ बाइंडिंग कोणतं?" टूरिंग म्हणजे पायात स्की घालूनच डोंगर चढायचा आणि मग त्यावरून घसरत उतरायचं, आणि बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. सांगलीत आम्ही बर्फ पाहिला तो रसवंतीत, उसाच्या रसातला. तेव्हा असा प्रश्न आमच्या घरात निघतो याचंच मला अप्रूप. पण ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून लोकांचे गुडघे हाताळताना माझं एक मत पक्कं झालंय. डिनचा आकडा, म्हणजे किती जोर पडल्यावर बाइंडिंग सुटेल तो, नंतर बघावा, आधी पाय पिळवटला की बाइंडिंग बाजूला कुठून सुटतं ते बघावं.

नेहमीचं, नुसतं उतरण्यासाठीचं अल्पाइन बाइंडिंग पुढून, बोटांकडून बाजूला सुटतं. १९८०च्या दशकात फ्रिट्झ बार्थेल या इथल्याच टिरोल प्रांतातल्या माणसानं पिन बाइंडिंग काढलं आणि पुढे डायनाफिट कंपनीनं ते बाजारात आणलं. त्यात दोन पोलादी पिना बुटाचं टोक दोन्हीकडून चिमटीत धरतात, आणि बाजूला सुटण्याचं काम गेलं मागे, टाचेकडे. वजन इतकं उतरलं की चढणाऱ्यांना दुसरं काही सुचेना. मार्कर किंगपिनची टाच अल्पाइनसारखी दिसते म्हणून लोक फसतात. बाजूला सुटतं तेही टाचेकडूनच. फ्रित्शीच्या व्हिपेक आणि टेक्टॉनमध्ये मात्र पिना असूनही पुढचा भाग बाजूला सुटतो. सॅलोमनच्या २०१८ सालच्या शिफ्टमध्ये पिना फक्त चढायला. उतरताना पुढे चक्क अल्पाइनचा जबडा. एकेक बाइंडिंग नऊशे ग्रॅमच्या आसपास, पण ते आयएसओ ९४६२ या अल्पाइनच्याच मानकात बसतं. टूरिंगचं मानक वेगळं, १३९९२.

आता सर्टिफिकेटचं कौतुक जरा आवरतं घेते. ही मानकं मुख्यतः नडगीचं हाड वाचवायला बेतलेली आहेत. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध कधी ताणला जातोय हे यातल्या एकाही बाइंडिंगला कळत नाही. माझ्याकडे येणारे पेशंट "पण स्की सुटायला हवी होती ना?" असं विचारतात तेव्हा हेच सांगावं लागतं.

आणि प्रयोगशाळेतल्या मशीनवर ओला बर्फ नसतो. क्यूटाईला मार्चमधल्या दुपारी वर पोचून स्किन, म्हणजे चढताना स्कीखाली लावायच्या न घसरणाऱ्या पट्ट्या, काढल्या की मी आधी पुढच्या जबड्याखाली बघते. स्प्रिंगांच्या खाली दाबला गेलेला बर्फ गोठून खडीसाखरेइतका टणक होतो. मग जबडा मिटल्यासारखा वाटतो, पण पुरता मिटलेला नसतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर स्की आपली वाट धरते. काठीच्या टोकानं तो बर्फ उकरायचा. बुटाच्या टोकाला पिनांसाठी खळगे असतात, तेही साफ करायचे. मग नुसतं टोक अडकवून टाच चार-पाच वेळा वर-खाली करायची, म्हणजे पिना उरलासुरला बर्फ खरवडून काढतात. एवढं झालं की मगच टाच दाबायची.

हे न करता काहीजण पुढचा खटका वर ओढून लॉक करतात आणि तसेच उतरतात. याचा मला राग येतो. लॉक केलेलं पिन बाइंडिंग बाजूला जवळजवळ सुटतच नाही. हिमस्खलनात सापडलात तर पायातली स्की खाली खेचत नेते. अरुंद घळीत, जिथे स्की सुटली तर माणूसच कड्यावरून जाईल, तिथे अनुभवी लोक विचार करून लॉक करतात. ते वेगळं. घाईत बर्फ काढायचा कंटाळा म्हणून लॉक करणं मला पटत नाही.

भाच्याला शिफ्ट घ्यायला सांगितलं. त्याचे निम्मे दिवस लिफ्टवर जातात, पडतोही भरपूर, तेव्हा जास्तीचं वजन त्यानं मुकाट्यानं वाहावं. फक्त बुटाखालच्या प्लेटची उंची त्याच्याच बुटाला धरून दुकानातून लावून घे म्हटलं. माझ्या स्कीवर व्हिपेक आहे आणि राहील. डिनचा तक्ता पन्नाशीनंतर माणसाला एक ओळ खालच्या आकड्यावर नेतो. दुकानातल्या पोरानं वय विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं.