इटलीला न गेलेली बीएसए

जुन्या मोटारसायकली मूळ रूपात आणण्याचे काम मी पुण्यात करतो. या कामात गाडीबरोबर तिची कथाही येते, आणि बहुतेक वेळा ती गाडीपेक्षा चांगल्या स्थितीत असते. सातारा जिल्ह्यातून टेम्पोत घालून आणलेल्या बीएसए एम-२० या ब्रिटिश लष्करी मोटारसायकलीची कथा अशी होती की, मालकांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले, तिथे ज्या गाडीवरून त्यांनी निरोप पोहोचवले तीच गाडी घेऊन युद्धानंतर ते गावी परतले. मालक निवृत्त शिक्षक. मडगार्डवर आजोबांच्या डिव्हिजनचे चिन्ह आणि त्याखाली ‘इटली १९४४’ एवढे रंगवून हवे, बाकी तुम्ही म्हणाल तसे, ही त्यांची अट. मी म्हटले, “गुरुजी, आधी गाडी काय सांगते ते पाहू, मग चिन्हाचे बोलू.”

एम-२० चे इंजिन ४९६ सीसीचे, साइड व्हॉल्व्हचे, म्हणजे झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेल्या जुन्या रचनेचे, ताकद जेमतेम १३ अश्वशक्ती आणि वजन मात्र १७० किलोच्या आसपास. वेगासाठी हिचे नाव कोणी घेत नसे. पण चिखलात, वाळूत, कसल्याही पेट्रोलवर ती चालत राही, आणि म्हणूनच युद्धकाळात बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याने अशा सुमारे १,२६,००० गाड्या लष्कराला पुरवल्या. इतक्या गाड्यांमधून एकीचा माग काढायचा तर सुरुवात नंबरांपासून करावी लागते. आरटीओत देतात तसा चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट स्टिअरिंगच्या गळ्यापाशी घेतला, दुसरा क्रँककेसवरून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावरून, इंजिन नंबरचा. दोन्ही आकडे जुळत नव्हते. नवखा माणूस इथे गाडीला ‘जुगाड’ ठरवून मोकळा होतो; पण लष्करी वर्कशॉपमध्ये इंजिने सर्रास बदलली जात, त्यामुळे न जुळणाऱ्या नंबरांवरून फौजी गाडीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

पहिला ठोस धागा पायाखाली मिळाला. फूटरेस्टवर रबर नव्हते, आणि ते झिजून गेले असेही नव्हते, कारण खाली रबर बसवण्याची सोयच नव्हती, नुसते खडबडीत लोखंड होते. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया जिंकल्यावर ब्रिटनचा रबराचा मोठा स्रोत गेला, आणि मग मोटारसायकलींच्या फूटरेस्टवरचे रबर काढून टाकण्यात आले, तर हँडलच्या मुठी कॅनव्हासच्या झाल्या. आमच्या गाडीच्या मुठी मागाहून बसवलेल्या बुलेटच्या होत्या, परंतु फूटरेस्ट मूळचे असतील तर ही गाडी १९४२ नंतरची, असा अंदाज बांधता आला.

रंगाने त्याहून जास्त सांगितले. टाक्या नेहमी अदलाबदल होतात, म्हणून टाकी सोडून टूलबॉक्समागच्या फ्रेमवर रुपयाएवढी जागा पाण्याच्या पॉलिश पेपरने हळूहळू घासत गेलो. वर लाल एनॅमल, त्याखाली चंदेरी, मग राखाडी प्रायमर, मग गडद हिरवा, आणि सर्वांत खाली धुरकट तपकिरी. तपकिरी थर एकसारखा होता. हिरव्यावर मात्र ब्रशचे फराटे स्पष्ट दिसत होते आणि मध्ये प्रायमरही नव्हता, म्हणजे तो कारखान्याबाहेर, घाईत, हाताने मारलेला. युद्धाच्या मधल्या वर्षांत ब्रिटनमध्ये लष्करी वाहनांना तपकिरी रंग देत. असा गडद जंगली हिरवा भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचा. इटलीसाठी कोणी तो मारला नसता.

बीएसएच्या कारखान्यातून गाड्या रवाना झाल्याच्या जुन्या नोंदी इंग्लंडमधल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे आहेत. तिथून उत्तर आले की चासी १९४३ च्या लष्करी कंत्राटातली आहे आणि इंजिन त्याआधीच्या कंत्राटातले. ती पुढे कोणत्या पलटणीला मिळाली हे त्या वहीत असूच शकत नाही, कारण कारखान्याचा संबंध माल रवाना करण्यापुरता होता. पलटणीचा शोध लागायचा तो टाकीवर रंगवलेल्या ‘सी’ या अक्षराने सुरू होणाऱ्या लष्करी क्रमांकावरून, आणि आमची टाकी कोणीतरी पत्र्यापर्यंत खरवडून ठेवलेली होती.

मी गुरुजींना घरची कागदपत्रे आणायला सांगितले. ट्रंकेतून आजोबांचे डिस्चार्ज बुक निघाले, लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचा इटली स्टार निघाला, आणि त्याच पाकिटात घडी घातलेली लष्करी डिस्पोजलच्या लिलावाची पावती: एक बीएसए मोटारसायकल, चालू स्थितीत नाही. चासी नंबर आमचाच. जवानाला जहाजाने घरी परतताना सामानात मोटारसायकल आणू देतील का, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून सतावत होता, पण शिक्षक माणसाला तोंडावर कसा विचारावा म्हणून मी गप्प होतो.

पावती वाचून गुरुजी म्हणाले, “म्हणजे आमचे आजोबा खोटे बोलले?”

मी म्हटले, “पदक खरे आहे, तेव्हा इटली खरी आहे. तिथे त्यांनी अशीच गाडी चालवली असेल आणि इकडे तीच जात लिलावात दिसली म्हणून घेतली असेल. ही गाडी मात्र इटलीला गेलेली नाही.”

डिव्हिजनचे चिन्ह मी घातले नाही. त्यावरून आमचे थोडे वाजले, कारण पैसे त्यांचे आणि हट्ट माझा, अशी ती परिस्थिती होती. पण रंगाच्या थरांचे फोटो, क्लबचे पत्र आणि पावती एका फाइलमध्ये लावून दिल्यावर त्यांनी तो विषय सोडला. गाडी जंगली हिरवी झाली, तीही ब्रशनेच, आणि मुठी एका ताडपत्रीवाल्याकडून कॅनव्हासच्या शिवून घेतल्या. आता रॅलीत कोणी विचारले की गुरुजी आधी आजोबांची हकिकत सांगतात, मग गाडीची, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठेवतात. इटलीतल्या डोंगरी रस्त्यांचे वर्णन जरा लांबते, पण त्यात मी तोंड घालत नाही.