जर्मनीतला हिवाळा आणि बंद मोटारसायकल

जर्मनीत बऱ्याच मोटारसायकलींच्या नंबरप्लेटवर उजवीकडे वर ०४, खाली १० असे आकडे दिसतात. अशी गाडी एप्रिल ते ऑक्टोबरच रस्त्यावर आणता येते. एरवी ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी करायलाही मनाई. म्हणजे पाच महिने इंजिन बंद.

"आठवड्यातून एकदा चालू करून ठेव," हा घरचा सल्ला इथे नडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की वाफेच्या रूपात जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. थंडीत पाच मिनिटं जागेवर फुरफुरलेलं इंजिन ते बाहेर टाकण्याइतकं तापत नाही. पाणी ऑइलमध्ये उतरतं, सायलेन्सरमध्ये साचतं, आणि स्टार्टरने खाल्लेली बॅटरी भरतही नाही. नीट तयारी करून सरळ मार्चपर्यंत हात न लावणं बरं.

शेवटच्या फेरीआधी टाकीत फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव), बाटलीवरच्या मापाने, आणि वर पेट्रोल काठोकाठ. लोखंडी टाकीत रिकामी जागा राहिली की दमट हवेने आतून गंज धरतो. शक्यतो ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल) ऐवजी ई५ (५ टक्क्यांपर्यंत) भरा. इथेनॉल पाणी ओढतं, हे आपल्याकडच्या ई२० वाल्यांना सांगायला नको. मग पंधरा मिनिटं चालवा, म्हणजे ते मिश्रण इंजेक्टरपर्यंत पोचतं. कार्ब्युरेटर असेल तर ऑइल बदलून इंजिन शेवटचं बंद केल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून तळाच्या स्क्रूने कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. नाहीतर पेट्रोल सुकून चिकटा होतो आणि आधी पायलट जेट, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणारं बारीक छिद्र, बुजतो.

इंजिन गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदला. जुन्या ऑइलमधलं आम्ल आणि पाणी बेअरिंगवर पाच महिने बसू देऊ नये. वसंतात बदलू म्हणणारे इथेच चुकतात. नवं ऑइल फिरायला एक-दोन मिनिटं चालू, मग बंद.

इंजिन गार झाल्यावर स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑइल. मेन स्टँडवर टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा. स्टार्टर मारू नका, प्लगविना कॉइल जळू शकते. मार्चमध्ये सुरुवातीला हे ऑइल जळून निळसर धूर येईल, घाबरू नका.

रेडिएटरवाल्या इंजिनात कूलंट ५०:५० हवं, म्हणजे निम्मं पाणी, निम्मं अँटीफ्रीझ. निव्वळ पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि ब्लॉक तडकतो. बॅटरी पूर्ण भरून घरात. सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबा, उंदीर एअरबॉक्सपर्यंत (एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत) जातात म्हणून त्याच्या तोंडातही, आणि हँडलला चिठ्ठी बांधा: "बोळे काढा".